दीपगृह बांधण्याची सोपी कृती

गोष्ट एकोणीसशे शहाऐंशी सालातली. तेव्हा फोनला तबकडी असायची, फोटो धुऊन यायला आठवडा लागायचा आणि माणसं अबोला धरायची तो अगदी मन लावून धरायची. आताच्यासारखं नाही, सकाळी भांडण आणि दुपारी फोनवर फुलांची चित्रं!

त्याच्या आदल्या वर्षी थोरली आपल्या धाकट्या बहिणीकडे आठ दिवसांसाठी म्हणून राहायला आली होती, त्याला आता वर्ष होत आलं होतं. थोरलीचे यजमान फार पूर्वीच गेलेले. त्यानंतर तिने शिवणक्लासवर दिवस काढले, आणि ऐटीत काढले. पण तयार कपड्यांची दुकानं निघाली, मुलींनी सुया खाली ठेवल्या आणि क्लास बंद पडला. धाकटी काही तिला 'जा' म्हणत नव्हती. धाकटीचा नवरा, म्हणजे भावोजी, ते तर देवमाणूस! पण थोरलीला बसून खाणं जड जाई. काम नसलं की तिच्या हातांना चाळा लागे. त्या वर्षात तिने घरातल्या प्रत्येक उशीला झालर लावली, रेडिओला अंगरखा शिवला आणि भावोजींच्या छत्रीलाही शिवणार होती, तेवढ्यात भावोजींनी छत्री कारखान्यात नेऊन लपवली.

इथे काही जमलं नाही तर दुसरी जागा एकच होती, नणंदेची. नणंदेच्या घरी जिना चढतानाही आवाज करायचा नाही, रेडिओवर फक्त बातम्या आणि शिंक आली तर अंगणात जाऊन द्यायची!

भावोजींचा कारखाना घराच्या मागेच होता. पूर्वी तिथे साबणाच्या डब्या आणि कंगवे निघत. मग भावोजींच्या मनात आलं आणि त्यांनी प्लॅस्टिकचे खेळातले ठोकळे काढायला सुरुवात केली. लाल, पांढरे, निळे, डोक्यावर गोल उंचवटे, एकावर एक ठेवून दाबले की खट्कन बसणारे. ठोकळे उत्तम होते. पण डब्यात नुसते ठोकळेच! त्यांचं करायचं काय, हे सांगणारं पुस्तक नव्हतं. लोक डबा घरी नेत आणि भिंत बांधत. भिंत झाली की मोडून जास्त उंच भिंत बांधत. मग डबा माळ्यावर. एक गृहस्थ तर डबा परत घेऊन आले आणि म्हणाले, "भिंत झाली. आता पुढे काय?"

शहरातल्या सगळ्यात मोठ्या दुकानासाठी माल निवडणाऱ्या एक बाई होत्या. घरात त्यांचं नाव पडलं होतं खरेदीबाई. त्यांनी भावोजींना स्पष्ट सांगितलं, "पुस्तक नाही, तर डबा नाही."

"झालं!" भावोजी त्या दिवशी जेवताना म्हणाले. "त्यांनी माल उचलला नाही तर पुन्हा साबणाच्या डब्या."

"त्यात काय एवढं, भावोजी!" थोरली म्हणाली. "पुस्तक मी लिहिते. आठ दिवसांत!"

"ताई, तुझे आठ दिवस मला माहीत आहेत," धाकटी म्हणाली.

"तू गप गं! अख्ख्या गावाला पोलकी बेतायला शिकवली मी. ठोकळे काय, त्यांना तर शिवणही नाही नि अस्तरही नाही!"

भावोजींचा चेहरा उजळला. "ताई, पुस्तक जमलं तर कारखान्यात पुस्तकखातं काढू. मुख्य तुम्ही. खुर्ची, टेबल, वर पंखा!"

"आणि नाही जमलं तर?" धाकटीने विचारलं.

"तर मी नणंदेकडे जाते!" थोरली ताडकन म्हणाली आणि दुसऱ्याच क्षणी जीभ चावली. पण शब्द तोंडातून गेला होता.

पुस्तक कशाचं करायचं, हा प्रश्नच नव्हता. भावोजींनी रविवार-रविवार करून एक दीपगृह बांधलं होतं. काय सांगू त्याची शोभा! लाल-पांढरे पट्टे, आत गोल गोल जिना, वर दिव्याची खोली, खाली निळ्या पाटीचा समुद्र आणि त्यात एक इवलीशी नाव. ते कसं बांधलं, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. भावोजींनाही नाही.

"हात आपोआप चालत गेले हो, ताई."

"मग सोपं आहे," थोरली म्हणाली. "शिवणात आम्ही काय करतो? एखादा झगा आवडला की तो उसवतो. एकेक तुकडा सुटा करायचा आणि बघत जायचं. मग उलट्या क्रमाने तसाच दुसरा शिवायचा. उसवू या!"

"काय, माझं दीपगृह?" भावोजींनी हातातला पेला खाली ठेवला.

"दर टाक्याला एक फोटो काढू. शेवटचा फोटो पुस्तकात पहिला, पहिला फोटो शेवटी. झाली कृती तयार!"

कल्पना झकासच होती, यात वादच नाही. फोटो काढायला एक लग्नातला फोटोवाला बोलावला. मोठा हौशी माणूस, पण सवयी सगळ्या लग्नातल्या. दीपगृहाकडे बघून म्हणायचा, "जरा उजवीकडे... हं, मान वर... आता हसा!" थोरली एकेक ठोकळा काढी, तो फोटो काढी आणि भावोजी कोपऱ्यात तोंड फिरवून उभे.

"दिवा काढला का हो ताई?"

"काढला."

"छप्पर?"

"तेही काढलं. तुम्ही बाहेर जाऊन बसा बघू, भावोजी!"

शेवटी निळी पाटीही उचलली, आणि उरलेल्या रिकाम्या टेबलाचाही एक फोटो घेतला. 'सुरुवात इथून' असं दाखवायला. सगळे ठोकळे एका बादलीत गेले. आठवड्याने फोटो धुऊन आले तर त्या रिकाम्या टेबलाच्या फोटोत, एका बाजूला, फोटोवाल्याचं स्वतःचं कोपर!

"हे काय हो?" थोरली कडाडली. "दीपगृहाची सुरुवात कोपरापासून होते का?"

"बाई, मी लग्नामागून लग्नं काढली आहेत! नवऱ्यामुलाच्या आत्यांचं नाक मी चौकटीच्या बाहेर ठेवलंय, तेही त्यांना न कळता. मला नका शिकवू!"

"नाक बाहेर ठेवता आणि स्वतःचं कोपर आत घालता!"

झालं, अबोला! आणि मघाशी म्हटलं तसा, मन लावून. फोटो तो परस्पर छापखान्यात पोचवणार, असं ठरलंच होतं. पण माणूस मनाचा सज्जन. 'बाई भांडल्या तरी काम नीट व्हायला हवं,' असं म्हणून त्याने फोटोंचा क्रम आपणहून बदलला. रिकामं टेबल पहिलं, पूर्ण दीपगृह शेवटी. बदलला, पण सांगणार कुणाला? अबोला ना!

आणि इकडे थोरलीने छापखान्याला फोन लावला. "फोटो आलेत ना? ते उलट्या क्रमाने लावायचे बरं का. शेवटचा पहिला, पहिला शेवटी!"

"बाई, नक्की ना? कारण आलेत तसे—"

"अहो, किती वेळा सांगू? अख्खा शिवणक्लास चालवलाय मी! मला उलटं-सुलटं कळत नाही का?"

"बरं बाई. पुस्तक तुमचं आहे," छापखानेवाला म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

मजकूर मात्र थोरलीने जीव ओतून लिहिला. तिला लिहिण्याची हौस होतीच, नुसती पोलक्याच्या मापांत ती भागली नव्हती. पहिल्या पानावर तिने लिहिलं होतं, 'प्रथम निळी पाटी घ्यावी. ही पाटी म्हणजे अथांग सागर! त्या सागराच्या मध्यभागी, मन प्रसन्न ठेवून, चार लाल ठोकळे बसवावेत.' शेवटच्या पानावर होतं, 'पाहा! उभं राहिलं तुमचं दीपगृह! आता दोन पावलं मागे सरावं आणि ते डोळे भरून पाहावं.' छापखान्याने तपासायला कच्चे कागद पाठवले, त्यांत फोटोंच्या जागी नुसत्या रिकाम्या चौकटी होत्या. फोटो मागून बसणार होते. थोरलीने ऱ्हस्व-दीर्घ तपासलं, दोन उद्गारचिन्हं वाढवली आणि कागद परत केले.

पुस्तकं आली ती नेमकी खरेदीबाई येणार त्याच दिवशी. छापखान्याच्या माणसाने गठ्ठे दारात ठेवले आणि पाठोपाठ बाईंची टॅक्सीच थांबली. गठ्ठ्याची सुतळी बाईंच्या समोरच तुटली, म्हणा ना!

खरेदीबाई बसल्या. चष्मा लावला. डबा उघडून ठोकळे टेबलावर ओतले.

"मी स्वतः करून बघणार. कुणी मदत करायची नाही. गिऱ्हाइकाच्या घरी तुम्ही येऊन बसता का?"

"छे, छे!" तिघंही म्हणाले.

बाईंनी पुस्तक उघडलं. पहिल्या पानावर पूर्ण दीपगृह!

"वा! काय बनवायचंय ते आधीच दाखवलंत. हुरूप येतो."

थोरली मागे उभी होती, ती फुगली. आपण असं कधी ठरवलं होतं, हे मात्र तिला आठवेना. बाईंनी मजकूर वाचून निळी पाटी घेतली, चार लाल ठोकळे बसवले, पान उलटलं.

"इथे म्हणताय, 'आता पायरी रचावी.' पायरी कुठे दिसत नाही. दिवा मात्र गेलेला दिसतोय." पुढचं पान. "आता छप्पर गेलं." पुढचं. "भिंत चालली!"

थोरलीने बाईंच्या खांद्यावरून पाहिलं आणि तिला एकदम तो दिवस आठवला, जेव्हा नवरीच्या झग्याला तीन बाह्या जोडल्या गेल्या होत्या.

"वादळ!" भावोजी एकदम ओरडले. "वादळ आलंय असं दाखवलंय!"

"छपाईची जरा—" धाकटी बोलायला लागली, तोच थोरलीने हळूच तिच्या पायावर पाय दिला.

"ही नवी पद्धत आहे!" थोरली म्हणाली. स्वतःचा आवाज तिला दुसऱ्याच कुणाचा तरी वाटला. "आधी मोडायला शिकायचं, मग जोडायला. मी शिवण असंच शिकवत असे."

खरेदीबाईंनी चष्मा काढला. "अस्सं! म्हणजे गिऱ्हाइकाने आधी तयार दीपगृह मोडायचं?"

"अगदी बरोबर!"

"मग द्या."

"काय?"

"तयार दीपगृह. मोडून बघते."

दीपगृह जगात एकच होतं, आणि ते आतल्या खोलीत बादलीत पडलं होतं!

"आत्ता आणते!" थोरली म्हणाली. "शेजारच्याच खोलीत आहे. भावोजी, जरा हात लावायला या. जड आहे!" आणि धाकटीच्या कानात पुटपुटली, "बोलत राहा! थांबलीस तर मी गेले नणंदेकडे!"

आतल्या खोलीत बादली जमिनीवर उपडी केली आणि दोघं गुडघ्यांवर बसून, पुस्तक मागून पुढे चाळत, बांधायला लागले. फोटो मागून वाचायचे होते, मजकूर पुढून होता, आणि थोरलीला आपलाच मजकूर वाचायचा मोह आवरेना!

"भावोजी, इथे लिहिलंय, 'हळुवार हाताने'—"

"ताई, हळुवार नको, भरभर!"

इतक्यात मागच्या दाराने फोटोवाला आला. पुस्तकात आपलं नाव छापलंय का, ते बघायला बिचारा आला होता. थोरलीने त्याच्याकडे पाठ केली.

"भावोजी, यांना विचारा, फोटो असे कसे लागले?"

"साहेब, बाईंना सांगा, मी क्रम नीट फिरवूनच दिले होते."

"भावोजी, यांना सांगा, मीही छापखान्याला फिरवायला सांगितलं होतं!"

भावोजींनी एकदा इकडे, एकदा तिकडे पाहिलं. "म्हणजे दोघांनी एकेकदा फिरवलं आणि क्रम आला पुन्हा जागच्या जागी!"

थोरलीने फोटोवाल्याकडे पाहिलं. फोटोवाल्याने थोरलीकडे. आणि इतके आठवडे जपलेला अबोला एका दमात सुटला.

"अहो, मग सांगायचं नाही का?"

"बाई, तुम्ही बोलत नव्हतात!"

"बसा खाली! जिना आठवतो का तुम्हाला?"

"आठवतो म्हणजे? डावीकडून वळत होता. छान प्रकाश पडला होता त्याच्यावर!"

तिघांचे सहा हात त्या ठोकळ्यांत. बाहेरून धाकटीचा आवाज येत होता. तिने शेजाऱ्यांची सगळी दुखणी सांगून संपवली होती, स्वतःच्या लग्नाचा अल्बम दाखवून झाला होता आणि आता पडदे कसे धुतले की रंग जात नाही, यावर गाडी आली होती.

"दीपगृह फारच मोठं आहे वाटतं," खरेदीबाई म्हणाल्या. "आणायला वेळ लागतोय."

"हो ना, समुद्रासकट आहे!" धाकटी म्हणाली. "तर पडदे आधी गार पाण्यात..."

आत दीपगृह उभं राहिलं एकदाचं. दार दुसऱ्या मजल्यावर आलं होतं, जिना अर्धा बाहेर, आणि सगळा मनोरा नुकताच झोपेतून उठल्यासारखा कलला होता.

"नाव उरली की!" भावोजी म्हणाले.

"खिशात घाला!"

तिघांनी ते उचललं. दार एकाच माणसापुरतं. "तुम्ही आधी, ताई." "छे, तुम्ही व्हा पुढे." कसेबसे तिघं एकदम उंबऱ्यात आले. खरेदीबाईंनी वर पाहिलं. आणि फोटोवाल्याला ते दृश्य दिसलं मात्र, सवय ती सवय! त्याने एक हात उचलून म्हटलं, "एक मिनिट, जरा हसा!"

त्या हातावरच तर सगळा भार होता!

काय सांगू! घरात रंगीत गारा पडल्या! ठोकळे कपाटाखाली गेले, पडद्यात गेले, धाकटीच्या अल्बमात गेले, आणि एक पांढरा ठोकळा उडाला तो थेट खरेदीबाईंच्या चहात. डुबुक्!

बाईंनी चमच्याने ठोकळा बाहेर काढला, बशीत ठेवला. मग शांतपणे पुस्तकाचं शेवटचं पान उघडलं आणि खणखणीत आवाजात वाचलं, "'पाहा! उभं राहिलं तुमचं दीपगृह! आता दोन पावलं मागे सरावं आणि ते डोळे भरून पाहावं.'" त्यांनी खालचा फोटो पाहिला. रिकामं टेबल आणि एक कोपर. मग दाराकडे पाहिलं. तिथे रिकाम्या हातांची तीन माणसं आणि फोटोवाल्याचं अजून वर राहिलेलं कोपर.

"तंतोतंत जमलंय," बाई म्हणाल्या.

थोरलीचे डोळे भरले. ती पुढे आली. "बाई, नवी पद्धत वगैरे काही नाही. फोटो उलटे लागलेत, ते माझ्या हट्टामुळे. ठोकळ्यांत काही खोट नाही, आमच्या भावोजींनी जीव ओतलाय त्यांत. माझ्यापायी त्यांचा माल नाकारू नका. मी उद्याच नणंदेकडे—"

"ताई, काहीतरीच काय बोलता!" भावोजी म्हणाले.

"शू!" खरेदीबाई म्हणाल्या.

त्या जमिनीवर बसल्या होत्या! पदर खोचून, पुस्तक मागच्या बाजूने उघडून, ठोकळे गोळा करत होत्या. एका तळव्याने त्यांनी मजकूर झाकला होता.

"ही अक्षरं सारखी मध्ये मध्ये येतात," त्या पुटपुटल्या. "हं. हे इथे. वा! म्हणजे जिना असा आतून जातो तर!"

बाहेर टॅक्सीवाला भोंगा वाजवून दमला. चहा गार झाला, दुसरा आला, तोही गार झाला. मधेच बाई म्हणत, "तो लाल द्या, तुमच्या पायाखाली आहे," आणि शाळा सुटल्यावर मुलांत जशी धावपळ होते तशी सगळी मोठी माणसं खोलीभर रांगत ठोकळे शोधत. दिवेलागणीला बाईंनी वरचा दिवा बसवला. दीपगृह उभं होतं. सरळ, ताठ, दार तळमजल्यावर! भावोजींनी खिशातून नाव काढून हळूच निळ्या पाटीवर ठेवली आणि पुन्हा तोंड फिरवून उभे राहिले.

खरेदीबाई उठल्या. "मला आज दुसरीकडे दोन ठिकाणी जायचं होतं," त्या आश्चर्याने म्हणाल्या. मग ताठ झाल्या. "फोटो सुलटे लावून पुस्तक पुन्हा छापा. डबे घेते. सगळ्या शाखांसाठी घेते. पण अट एक."

"बोला!"

"पुस्तकात अक्षर एकही नको."

"एकही नको?" थोरलीचा आवाज चिरका झाला. "निदान 'अथांग सागर'?"

"तो सगळ्यात आधी काढा."

थोरली मटकन खाली बसली. लेखनाबरोबर खुर्ची, टेबल, पंखा सगळं गेलं, असं तिला वाटलं. "मग पुस्तकखात्यात माझं काम ते काय?"

"अहो ताई," भावोजी म्हणाले, "मी रविवारी बांधणार. पण सोमवारी उसवणार कोण? माझ्याच्याने बघवत तरी नाही!"

तर थोरलीला खुर्ची मिळाली, टेबल मिळालं, पंखाही मिळाला. फक्त पंख्याने कागद उडायचा प्रश्न नव्हता, कारण कागदावर लिहायचं काही नव्हतं.

पुढे काय झालं म्हणाल, तर भावोजींनी आयुष्यभर रविवारी पूल, रेल्वे, राजवाडे बांधले आणि सोमवारी सकाळी ते नेमाने फिरायला गेले. फोटोवाल्याने लग्नं सोडली. ठोकळे डोळे मिटत नाहीत आणि त्यांच्या आत्या रुसत नाहीत, हे त्याच्या ध्यानात आलं. खरेदीबाई निवृत्त झाल्या आणि त्यांच्या घरात एवढे मनोरे झाले की पाहुण्यांना तिरकं होऊन चालावं लागे. नणंदेला एक डबा भेट पाठवला होता. तिने भिंत बांधली. धाकटीला त्या दिवसानंतर कितीतरी वर्षं, कधी गादीत, कधी पिठाच्या डब्यात, एखादा ठोकळा सापडत राहिला.

आणि थोरली? तिची पुस्तकं पुष्कळ निघाली. प्रत्येकावर 'लेखिका' म्हणून तिचं नाव होतं आणि आत एकही अक्षर नव्हतं. तरी प्रत्येक पुस्तकाचा मजकूर ती आधी पूर्ण लिहून काढी, उद्गारचिन्हांसकट. छापखाना तो मुकाट्याने काढून टाकी. एकदाच काय झालं, राजवाड्याच्या पुस्तकात, घुमटाच्या पानावर, काढता काढता तिचा एक पूर्णविराम राहून गेला. काळा, गोल, बारीक ठिपका. महिनाभरात गिऱ्हाइकांनी दुकान डोक्यावर घेतलं की चित्रातला तो काळा गोल ठोकळा डब्यात कुठेच नाही! शेवटी भावोजींनी त्याचा वेगळा साचा करवला आणि प्रत्येक डब्यात एकेक घालायला सुरुवात केली.

थोरलीच्या काचेच्या कपाटात तो ठोकळा मखमलीवर ठेवलेला असे. आल्यागेल्याला ती दाखवायची आणि म्हणायची, "हे माझं प्रकाशित लेखन!"